हृद्रोग आणि शुश्रूषा : एक ऐतिहासिक मागोवा

प्राचीन भारतीय वैद्यकाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. या चौघांपैकी एक जरी उणा पडला तरी चिकित्सा लंगडी होते, असा त्यामागील विचार आहे. चरकसंहितेत या प्रत्येकाचे चार-चार गुण सांगितलेले असून परिचारकाच्या गुणांत उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह आणि शुचिता यांची गणना केली आहे. यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. स्नेह आणि शुचिता यांच्याही आधी ज्ञानाला स्थान मिळाले आहे.

पुढच्या काळात मात्र समाजाने परिचारकाकडून स्नेहाची आणि स्वच्छतेची अपेक्षा धरली; ज्ञानाची अपेक्षा धरली नाही. रुग्णाच्या उशाशी बसणारी व्यक्ती म्हणजे पाणी देणारी, अंथरूण बदलणारी, हाकेला ओ देणारी, एवढीच तिची ओळख राहिली. या विस्मरणाची किती मोठी किंमत मोजावी लागली आणि ते दूर होताच किती प्राण वाचले, याची साक्ष हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या इतिहासाइतकी स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे मिळेल. हृदय दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. आणि त्याचा लय बिघडला तर निर्णयासाठी मिळणारा अवधी काही मिनिटांचाच असतो. त्या मिनिटांत उशाशी कोण आहे आणि त्याला काय कळते, यावर सारे अवलंबून असते.

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. हृद्रोगाच्या शुश्रूषेचा इतिहास म्हणजे या ऐकण्याच्या इच्छेला ज्ञानाची जोड कशी मिळत गेली, त्याचाच इतिहास होय.

नाडीवरील बोट

इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांच्याकडे १७७५ साली श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीचा घरगुती काढा अभिप्रायासाठी आला. सर्वांगावर सूज आलेल्या, वैद्यांनी आशा सोडलेल्या रुग्णांना या काढ्याने उतार पडत असे. त्यातील अनेक वनस्पतींमधून गुणकारी वनस्पती कोणती, हे विदरिंग यांनी हेरले. ती फॉक्सग्लव्ह म्हणजेच डिजिटॅलिस होय. दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर १७८५ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दुबळ्या हृदयावरील एका प्रभावी औषधाचा मार्ग असा एका अनामिक स्त्रीच्या काढ्यातून खुला झाला.

हे औषध जितके गुणकारी तितकेच धोक्याचे होते. तारक मात्रा आणि मारक मात्रा यांत फारच थोडे अंतर होते. मात्रा अधिक झाली की नाडी मंदावते, मळमळ सुरू होते, वस्तू पिवळसर-हिरवट दिसू लागतात. ही लक्षणे विदरिंग यांनीच नोंदविली होती. म्हणजे औषध लिहून देणाऱ्या वैद्याइतकीच जबाबदारी ते प्रत्यक्ष पाजणाऱ्या व्यक्तीवर येऊन पडली. डिगॉक्सिनची गोळी देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि प्रौढ रुग्णात ती ६० च्या खाली असेल तर गोळी रोखून डॉक्टरांना कळवावे, हा परिचारिकांच्या शिक्षणातील प्राथमिक धडा होऊन बसला. आज्ञेचे पालन करणे एवढेच शुश्रूषेचे काम नाही. प्रसंगी थांबणे आणि का थांबलो ते सांगणे हेही तिचे काम आहे, ही जाणीव या साध्या नियमात दडलेली आहे.

१८५४ साली क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या सेवेसाठी गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ही जाणीव शास्त्राच्या पातळीवर नेली. १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात त्यांनी रुग्णनिरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. उश्या नेमक्या कोठे ठेवल्या असता खांदे मागे पडून छातीला श्वासासाठी मोकळीक मिळते, याचाही त्यांनी बारकाईने विचार केला. धाप लागलेल्या हृद्रोग्याला आडवे न ठेवता पाठीला आधार देऊन बसते करावे, ही आजही पाळली जाणारी रीत याच विचाराशी नाते सांगते. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाचे परिचारिका विद्यालय सुरू झाले आणि शुश्रूषा हा शिकण्याचा विषय ठरला.

त्यानंतरच्या काळात ऐकण्याची आणि मोजण्याची साधने झपाट्याने वाढली. लाएनेक यांचा स्टेथोस्कोप १८१६ सालापासून होताच. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र बनविले आणि १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखालील धमनीतून उमटणारे ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब कसे ओळखावेत, हे दाखवून दिले. प्रारंभी रक्तदाब घेणे हे डॉक्टरांचेच काम समजले जाई. पुढे ते परिचारिकेच्या नित्यकर्मात आले. प्रत्येक नव्या साधनाबाबत पुढेही असेच घडत गेले.

महाराष्ट्रातील पहिली पावले

आपल्याकडे परिचारिकेचे ज्ञान हा प्रश्न पुढेच होता. आधी तिला प्रतिष्ठा मिळविणे भाग होते. परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे या गोष्टी कुलीन घरातील स्त्रीला न शोभणाऱ्या मानल्या जात. अशा काळात १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने या संस्थेने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठविण्यास प्रारंभ केला. त्यांत विधवा स्त्रियाही होत्या. ज्या समाजात विधवेचे दर्शनही अशुभ मानले जाई, त्याच समाजाच्या रुग्णशय्येपाशी तिने आशेची व्यक्ती म्हणून उभे राहावे, हे केवढे परिवर्तन होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

तरीही परिचारिकांची संख्या अगदीच तोकडी राहिली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल सादर केला तेव्हा देशात सुमारे ४३ हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाला देशव्यापी समान पाया मिळण्याची सोय झाली.

अंथरुणाचे युग

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकल्याने येणारा झटका हा तत्काळ मरणच आणतो, अशी दीर्घकाळ समजूत होती. १९१२ साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी असा रुग्ण जगू शकतो, हे साधार मांडले आणि त्याला काही दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, असे सुचविले. पुढे विश्रांतीचा काळ वाढत गेला. १९३९ साली बोस्टनमधील संशोधकांनी ७२ रुग्णांच्या हृदयांची मरणोत्तर तपासणी करून जखम भरून येण्यास लागणाऱ्या आठवड्यांचा हिशेब मांडला. त्यानंतर सहा ते आठ आठवडे अंथरुणावर, हा जणू अलिखित नियमच झाला.

हा नियम पाळण्याचा सारा भार परिचारिकेवर होता. रुग्णाने स्वतः कूस बदलायची नाही, हाताने घास घ्यायचा नाही, दाढी करायची नाही. तिने भरवायचे, पुसायचे, बेडपॅन द्यायचे, पाठीला पावडर लावायची. हेतू चांगला होता. दुखावलेल्या हृदयावर कणभरही ताण पडू नये, अशी ती धडपड होती. पण रक्ताचा धर्म वाहण्याचा आहे. जर्मनीतील रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवून दिले होते की, पायातील नीलांमध्ये तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. निश्चल पडलेल्या रुग्णांच्या पोटऱ्यांत अशा गुठळ्या होत. हृदय सावरत आलेला रुग्ण एके सकाळी अकस्मात धाप लागून जाई. शय्याव्रण, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, स्नायूंचा ऱ्हास आणि 'आता आपण संपलो' ही खिन्नता हे सारे त्या विश्रांतीचेच दुष्परिणाम होते. १९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्यांनी अंथरुणाच्या या धोक्यांवर लेख लिहून वैद्यकविश्वाला सावध केले.

१९५२ साली बोस्टनमधील डॉ. सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी झटका आलेल्या ८१ रुग्णांना लवकरात लवकर अंथरुणातून उचलून आरामखुर्चीत बसविले होते. पाय खाली सोडून बसल्याने रक्ताचा काही भार पायांकडे उतरतो आणि हृदयाला उलट विसावा मिळतो, अशी त्यांची उपपत्ती होती. प्रारंभी रुग्णालयातील सहकाऱ्यांचाच विरोध झाला. रुग्णाच्या जिवाशी हा खेळ आहे, असे अनेकांना वाटले. परंतु खुर्चीत बसलेल्या रुग्णांचे मन उभारी धरू लागले आणि शंका मावळत गेल्या. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. सुमारे सात आठवडे ते रुग्णालयात होते. डॉ. पॉल डडली व्हाइट यांच्या सल्ल्याने ते क्रमाक्रमाने कामाला लागले आणि १९५६ साली पुन्हा निवडूनही आले. झटका म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे, ही गोष्ट त्यामुळे घरोघरी पोहोचली.

रुग्णाला हलू न देणे ही परिचारिकेची कसोटी होती, ती आता त्याला केव्हा, किती आणि कसे हलवावे, ही झाली. प्रेमाने आवरून धरणे सोपे असते; डोळ्यांत तेल घालून सोडणे कठीण असते. त्याला ज्ञान लागते.

जागरणाला अधिकार मिळाला

असे असले तरी एक मोठे संकट तसेच राहिले होते. झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत हृदयाची लय अकस्मात बिघडे, हृदयाचे आकुंचन थांबून त्याचा नुसता थरथराट सुरू होई आणि रुग्ण जाई. रुग्णालयात पोहोचलेल्यांपैकीही सुमारे ३० टक्के रुग्ण त्या काळी दगावत. या थरथराटावर उपाय सापडत होते. १९४७ साली क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या छातीतील हृदयाला विजेचा धक्का देऊन एका १४ वर्षांच्या मुलाला परत आणले. १९५६ साली पॉल झोल यांनी छाती न उघडता वरून धक्का देण्यात यश मिळविले. १९६० साली बाल्टिमोर येथील कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी केवळ हातांनी छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे सिद्ध केले. उपाय होता, पण तो वेळेवर पोहोचत नव्हता. रक्तप्रवाह थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. आणि रुग्ण तर निरनिराळ्या कक्षांत विखुरलेले असत.

१९६१ साली एडिंबरा येथील तरुण डॉक्टर डेस्मंड ज्युलियन यांनी यावर उपाय सुचविला. असे सर्व रुग्ण एकाच कक्षात ठेवावेत, त्यांच्या हृदयाचा आलेख सतत पडद्यावर दिसावा, लय बिघडताच इशारा मिळावा आणि तत्क्षणी उपचार करू शकतील अशी प्रशिक्षित माणसे तेथे अहोरात्र असावीत. १९६२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे डॉ. ह्यूज डे यांनी असा कक्ष उघडला. त्याच वर्षी ज्युलियन यांनी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे आणि त्याच सुमारास डॉ. लॉरेन्स मेल्टझर यांनी फिलाडेल्फिया येथे असे कक्ष सुरू केले.

येथेच या इतिहासाचा कळीचा क्षण आला. यंत्रे आली, पडदे आले, घंटा आली. घंटा वाजली की परिचारिका डॉक्टरांना बोलावी आणि ते धावत येईपर्यंत मौल्यवान मिनिटे निघून जात. चोवीस तास प्रत्येक खाटेशी डॉक्टर उभा करणे कोणत्याही रुग्णालयाला शक्य नव्हते. चोवीस तास तेथे असे ती परिचारिका. मग तिलाच आलेख वाचायला का शिकवू नये? घातक लय ओळखून विजेचा धक्का देण्याचा अधिकार तिला का देऊ नये? हा प्रश्न आज साधा वाटतो. त्या काळी तो खळबळजनक होता. रोगनिदान हा डॉक्टरांचा प्रांत, त्यात परिचारिकेने पाऊल टाकू नये, असा दंडक होता. चूक झाली तर उत्तरदायी कोण, अशी धास्तीही होती.

मेल्टझर यांनी परिचारिकांवर विश्वास टाकला. त्यांच्या सहकारी परिचारिका रोझ पिनिओ यांनी या नव्या शुश्रूषेची घडी बसविली. १९६५ साली मेल्टझर, पिनिओ आणि रॉडरिक किचेल यांनी मिळून हृद्रोग अतिदक्षता विभागातील परिचारिकांसाठी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. हृदयाच्या आलेखाची लिपी परिचारिकेच्या हाती सोपविणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक होते. मोठे अरिष्ट येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याची चाहूल देणारे लहान बदल आधीच टिपावेत, हे या शुश्रूषेचे सूत्र होते.

१९६७ साली न्यूयॉर्कमधील किलिप आणि किंबॉल यांनी २५० रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांनी रुग्णांचे चार वर्ग केले आणि तेही केवळ खाटेशी दिसणाऱ्या व ऐकू येणाऱ्या लक्षणांवरून. ज्यांच्या फुप्फुसांचा आवाज स्वच्छ होता त्यांच्यात ६ टक्के मृत्यू झाले. फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांसारखा आवाज येणाऱ्यांत १७ टक्के. फुप्फुसांत पाणी भरलेल्यांत ३८ टक्के. आणि हातपाय गार पडून रक्तदाब कोसळलेल्यांत ८१ टक्के. हे वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. कान देऊन ऐकणारी परिचारिका रुग्णाला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात घसरताना पहिल्यांदा पाहते, हे त्याचे व्यवहारातील महत्त्व होय. अशा कक्षांत रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. यंत्रे निमित्त होती. जी व्यक्ती आधीपासूनच जागी होती, तिला ज्ञान आणि अधिकार देण्यात आले, हे खरे कारण होते.

वाहिन्यांचे दुखणे, वर्षांची सोबत

झटका नाट्यमय असतो. परंतु हृदय व रक्तवाहिन्यांचे अनेक विकार वर्षानुवर्षे सोबत करतात. त्यांच्या शुश्रूषेत घंटा वाजत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते.

आपल्या देशात गरीब, दाटीच्या वस्त्यांतील मुलांना घशाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. यावर १९५० च्या दशकापासून दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन उपलब्ध झाले. दर तीन ते चार आठवड्यांनी, अनेक वर्षे ते चुकू न देणे हाच उपचार. इंजेक्शन दुखते, मूल रडते, आई-वडिलांची मजुरी बुडते, आणि मूल तर वरवर ठणठणीत दिसत असते. अशा वेळी दवाखान्यातील परिचारिकेची वही, तिने लक्षात ठेवलेली तारीख आणि न आलेल्या मुलाच्या घरी धाडलेला निरोप यांवर त्या मुलाच्या झडपा तगतात.

पायांच्या धमन्यांचेही तसेच. १९०८ साली लिओ बर्गर यांनी वर्णन केलेला आणि त्यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार मुख्यतः तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांत आढळतो. आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत तो अनेकदा दिसून आला. बोटे काळी पडतात, वेदनेने रात्र सरत नाही. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरचा निर्णायक उपाय आहे. मधुमेही रुग्णांच्या पायांबाबत तर रोज पायांची पाहणी, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, अनवाणी न चालणे आणि गार पडलेले पाय गरम पाण्याच्या पिशवीने न शेकणे, या चार गोष्टींनी पाय वाचतो. संवेदना गेलेल्या पायाला चटका कळत नाही आणि मायेने दिलेल्या शेकानेच जखम होते. स्नेहाच्या आधी ज्ञान हवे, ते असे.

उच्च रक्तदाब तर बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षे काढतो. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाने रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगासमोर आणला. मुंबईतील ख्यातनाम हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील शवासनाच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. श्वासाकडे लक्ष ठेवून केलेल्या या विश्रांतीने काही रुग्णांचा रक्तदाब उतरला, तर काहींची औषधे कमी करता आली. शवासन औषधाला पर्याय नव्हे, ते औषधाला पूरक आहे, हे मात्र विसरता कामा नये. औषधे कमी झाली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तदाब मोजून.

घड्याळाशी शर्यत

१९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी बारीक नळीवरील फुग्याने हृदयाची अरुंद धमनी रुंदावली. १९८६ साली इटलीतील ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज प्राण वाचविते, हे सिद्ध केले. आणि पहिल्या तासात दिलेल्या औषधाचा लाभ सर्वांत मोठा असतो, हेही दाखविले. १९८८ साली १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात ॲस्पिरिनसारख्या स्वस्त गोळीनेही मृत्यू कमी होतात, असे आढळले.

यामुळे शुश्रूषेला घड्याळाचे भान आले. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, घाबरेपणा घेऊन आलेल्या रुग्णाचा ई.सी.जी. दहा मिनिटांत व्हावा, हा दंडक झाला. वृद्ध, स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात छातीत न दुखताही केवळ धाप, थकवा किंवा मळमळ असू शकते, हे ओळखणारी पहिली व्यक्ती बहुधा दारातली परिचारिकाच असते. नळी घालून झाल्यावर मनगटातून किंवा जांघेतून रक्त झिरपते का, पुढच्या भागातील नाडी लागते का, लघवी पुरेशी होते का, हेही तीच पाहते. कुशल हातांनी उघडलेली धमनी उघडी राहावी, ही राखण तिची असते.

घर हेच रुग्णालय

एके काळी आठ आठवडे रुग्णालयात राहणारा रुग्ण आता गुंतागुंत नसेल तर काही दिवसांतच घरी परततो. ही प्रगतीच आहे. पण परिचारिका जे काम करीत असे ते संपलेले नाही. ते पत्नीकडे, मुलाकडे, सुनेकडे आले आहे.

या कामाचे मोलही मोजले गेले आहे. १९९५ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे मायकेल रिच आणि सहकाऱ्यांनी हृदय दुबळे झालेल्या, ७० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या २८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना परिचारिकेच्या नेतृत्वाखाली शिकवण देण्यात आली. आजार काय आहे, गोळ्या कशासाठी आहेत, मीठ का टाळावे, वजन कसे नोंदवावे, हे त्यांना समजावले गेले आणि घरी गेल्यावरही त्यांची विचारपूस होत राहिली. या रुग्णांना हृदयाच्या दुबळेपणामुळे पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी झाले. कोणतेही नवे औषध नव्हते. होते ते समजावणे आणि ऐकणे.

अशा रुग्णाने रोज सकाळी, शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नसून साचलेले पाणी असते. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. लोणचे, पापड, फरसाण यांत दडलेले मीठ ताटातील मिठाइतकेच मोजावे. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. व्रत-उपवास करावयाचा असल्यास गोळ्यांच्या वेळा, पाण्याचे प्रमाण आणि मधुमेहाची औषधे यांविषयी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि घरातील निदान एका व्यक्तीने छातीवर दाब देण्याची क्रिया शिकून घ्यावी. १९६० साली रुग्णालयात सिद्ध झालेली ही विद्या आज कोणाही सामान्य माणसाला काही तासांत आत्मसात करता येते. अकस्मात हृदय थांबलेल्या माणसाला मदत न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक त्याची वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्यापाशी असतो तो घरचा माणूसच.

चौथा पाद

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण झाली त्या २०२० या वर्षाला जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणी यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. त्याच वर्षी आलेल्या महामारीने परिचारिका कमी पडल्या तर खाटा आणि यंत्रे केवळ मांडून ठेवण्यापुरतीच उरतात, हे सर्व जगाला दाखवून दिले.

आपल्या समाजात रुग्णसेवेसाठी मुक्तहस्ते दान देण्याची परंपरा मोठी आहे. रुग्णालयांत फिरताना यंत्रांवर, खोल्यांवर, रुग्णवाहिकांवर दात्यांची नावे वाचायला मिळतात आणि ती योग्यच आहेत. परंतु एखाद्या मुलीच्या परिचर्या शिक्षणाला दिलेल्या साहाय्याचा फलक कोठे लागत नाही. हृदयाचा आलेख वाचायला शिकलेल्या रात्रपाळीच्या परिचारिकेवर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरी इतिहास सांगतो की, १९६० च्या दशकात मृत्यूंचे प्रमाण खाली आणणारी गोष्ट नेमकी हीच होती.

वैद्य रुग्णाला पाहून जातो, औषध काही तासांनी पुन्हा द्यावे लागते, रोगी झोपी जातो. रात्रभर जागा राहतो तो परिचारक. चरकसंहितेने त्याच्या गुणांत ज्ञानाला पहिले स्थान का दिले असावे, हे समजण्यासाठी जगाला हृद्रोगाच्या कक्षापर्यंतचा दीर्घ प्रवास करावा लागला. त्या जागणाऱ्या डोळ्यांना ज्ञान, अधिकार आणि आदर ही तिन्ही मिळत राहिली, तरच चिकित्सेचा हा पाद भक्कम राहील आणि उरलेल्या तिघांचा भार पेलेल.